खरं की इंग्रजीचं?

आई-वडिलांनी मला जिंतूरपर्यंत पुरेल इतकं घडवलं, त्यापुढचं सगळं मंदाताईंनी केलं. हे वाक्य फोनवर आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "बरोबर लिहिलंस." त्यामुळे निदान या एका वाक्याबद्दल घरात वाद नाही.

मंदाताई म्हणजे मंदाकिनी. व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये आमची सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम होती, तिच्या त्या लीड. माहेर साताऱ्याचं, सासर नागपूरचं आणि चाल बंदुकीच्या गोळीची. आपलं नाव मंदा ठेवणाऱ्या आत्याला त्या जन्मभर हसत आल्या. आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो की त्या जिन्याकडे वळायच्या आणि वर दार उघडायच्या आत समोर उभ्या असायच्या. "या, या. प्रवास कसा झाला? गर्दी होती का?"

मी घरातला पहिला पदवीधर. मला इंग्रजी वाचता यायचं, लिहिताही यायचं. बोलायची वेळ आली की मात्र डोळ्यांपुढे व्याकरणाचं पुस्तक उघडायचं आणि योग्य पान सापडेपर्यंत मीटिंग संपलेली असायची. पहिले काही आठवडे मंदाताईंनी ते पाहिलं आणि एक दिवस मला कॉफीच्या मशीनपाशी गाठलं.

"काय रे जिंतूर, तोंडात गूळ धरून बसतोस का?"

माझं नाव गजानन आहे. पण त्यांनी मला पहिल्या दिवसापासून गावाच्या नावानेच हाक मारली.

"वाक्य जुळवत असतो, ताई."

"जुळवायला ते काय लग्न आहे? मनात मराठीत आलं ना? तेच इंग्रजीत सांडून टाक. समोरचा हुशार असतो, तो गोळा करून घेतो."

नुसतं सांगून त्या थांबल्या नाहीत, त्यांनी करून दाखवलं. त्याच दुपारच्या मीटिंगमध्ये एका प्रोग्रॅमरने सांगितलं की चूक त्याच्या कोडमध्ये नाही, सर्व्हरमध्ये आहे. मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "माय फ्रेंड, कान्ट डान्स, कोर्टयार्ड क्रूकेड." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग आमचा मॅनेजर ग्रेग इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. पुढे तो स्वतःच विचारायला लागला, "इज धिस अ रिअल बग, ऑर अ कोर्टयार्ड?" कॅलिफोर्नियात बसून आम्हाला सूचना देणाऱ्या एका बड्या आर्किटेक्टचं नाव टीमने 'कॅमल' ठेवलं होतं, कारण ताईंच्या मते तो उंटावरून शेळ्या हाकत होता. माझं डोकं तडकलं की मीही बिनदिक्कत म्हणायला लागलो, "प्लीज डोन्ट मेक योगर्ट ऑफ माय हेड." लोक हसायचे, पण माझ्याबरोबर हसायचे. दोन-तीन महिन्यांत माझं पुस्तक डोळ्यांपुढून गेलं ते गेलंच. आज मी जे कमावतो, ते त्या दह्यावर कमावतो.

अशा बाईला एका हिवाळ्यात ताप आला. आठवडाभराचा, साधा, ऑफिसमधल्या निम्म्या लोकांना येऊन गेलेला. निम्मं ऑफिस उठून कामाला लागलं, मंदाताई उठल्या नाहीत. म्हणजे उठल्या, आल्याही. पण एके सकाळी मी जिन्याने गेलो, तर पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये त्या पायरीवर बसलेल्या.

"ताई, काय झालं?"

"काही नाही. जिना बघतेय. छान बांधलाय. इतक्या वर्षांत कधी बघितलाच नव्हता."

चेहरा पांढराफटक, ओठांवर हसू. म्हणाल्या, "शेवटी नावाला जागले बघ."

पुढे महिनोन्‌महिने असंच चाललं. दोन दिवस बऱ्या, मग एक दिवस नुसते कपडे धुवायला लावले तरी तीन दिवस अंथरुणात. ओठांवरचा शब्द सापडेना. उजेड सोसेना. झोपून उठल्या तर झोपायच्या आधीपेक्षा जास्त गळालेल्या. रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या. "सगळं नॉर्मल आहे म्हणे," त्या मला फोनवर सांगायच्या. "घरात नॉर्मल नाही ती फक्त मी."

लोकांकडे उपायांची कमतरता नव्हती. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात एकीने बी-ट्वेल्व सांगितलं, दुसरीने अश्वगंधा, तिसरीने सून आणा म्हणून सांगितलं, आणि ताईंना मुलगाच नाही. "दमतो गं सगळेच," हे तर प्रत्येकीने. सगळ्यात वरचढ त्यांचे यजमान अरविंदराव. माणूस सोन्यासारखा, रोज सकाळी बायकोला चहा करून देणारा, पण मत पक्कं. "तू टेन्शन घेऊन राहिली ना, म्हणून होऊन राहिलं हे. मनातून काढून टाक."

"काढून कुठं ठेवू? गराजमध्ये जागा आहे का?"

आणि मग ती डॉक्टरकडची गोष्ट घडली. ताईंनी ती मला स्वतः सांगितली आणि सांगताना हसण्यापायी त्यांना दोनदा आडवं व्हावं लागलं.

डॉक्टर घाईतले. स्क्रीनकडे बघत त्यांनी विचारलं, कसं वाटतंय? ताईंनी आयुष्यभराच्या सवयीने मनातलं मराठी जसंच्या तसं सांडलं. जीव नकोसा झालाय. "डॉक्टर, माय लाइफ हॅज बिकम अनवाँटेड."

डॉक्टरांनी पहिल्यांदा स्क्रीनवरून मान वर केली. उठले, दार उघडं ठेवलं, बाहेर काहीतरी बोलले. एक नर्स येऊन ताईंची पर्स घेऊन गेली. मागोमाग एक गोड, तरुण समुपदेशक मुलगी आली आणि अगदी हळू आवाजात प्रश्न विचारायला लागली. ताईंच्या लक्षात आलं की दही फारच लागलंय.

"नो, नो. इट इज ओन्ली अ वे ऑफ स्पीकिंग. आम्ही उकाड्याला असंच म्हणतो. पाहुण्यांना म्हणतो. डासांनासुद्धा म्हणतो."

मुलीने टिपून घेतलं. मग आणखी हळू आवाजात विचारलं, "हे डास तुम्हाला आत्ता दिसताहेत का?"

दुपारी अरविंदराव येऊन सही करेपर्यंत ताईंना घरी सोडलं नाही. त्या मुलीचा राग मात्र त्यांना कधी आला नाही. "तिनं तिचं काम चोख केलं रे. इतक्या महिन्यांत माझ्याजवळ बसून तिनंच पहिल्यांदा विचारलं, खरंच कसं वाटतंय म्हणून." पण त्यांच्या फाइलला मनाचा शिक्का बसला तो बसला. त्यानंतर ज्या डॉक्टरकडे जावं तो पहिला प्रश्न मनःस्थितीचा विचारी. पाय लुळे पडले म्हणावं तर, मूड कसा आहे? जिभेवरचा शब्द गेला म्हणावं तर, घरी सगळं ठीक ना?

"मन, मन, मन," ताई म्हणाल्या. "मन काय शरीराबाहेर भाड्यानं राहतं का? आणि शरीराचं म्हणावं तर यांच्या यंत्रात ते दिसत नाही. यंत्रात दिसत नाही म्हणजे मनात आहे. हे कुठलं शास्त्र? माझा चष्मा सापडत नाही तेव्हा तोही मनातच असतो का?"

तरीही, मनाचं तर मनाचं, म्हणून त्या एका वर्गाला जायला लागल्या. एका दुकानांच्या रांगेत, डोनटच्या दुकानाशेजारी डॅनिएला नावाच्या बाई मन-शरीराचा वर्ग चालवत. त्यांचं म्हणणं असं की ताप कधीच गेला, पण मेंदू अजून धोक्याची घंटा वाजवतोय. थकवा हीच ती घंटा. तिला घाबरू नका, शरीराला सांगा की मी सुरक्षित आहे. मातृभाषेत सांगितलं तर उत्तम.

ताईंनी डोळे मिटून म्हटलं, "मी सुरक्षित आहे." मग एक डोळा उघडला. "सॉरी. मराठीत हे वाक्य फक्त पूर आल्यावर म्हणतात."

पुढच्या आठवड्यात डॅनिएलाबाईंनी नवरा-बायको दोघांना बोलावलं. अशा लोकांच्या आत कुठेतरी दाबलेला राग असतो, असं त्यांनी समजावलं. अरविंदराव खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "मॅडम, थर्टी इयर्स. शी हॅज नॉट सप्रेस्ड वन. आय ॲम द विटनेस."

एवढं हसूनही ताई डॅनिएलाबाईंना नावं ठेवत नसत. त्यांनी शिकवलेल्या संथ श्वासाने ताईंना तुकड्या-तुकड्यांची का होईना, झोप लागायला लागली, छातीतली धडधड उतरली. "जे उपयोगी पडलं ते पडलं," त्या म्हणायच्या. बिनसलं ते पुढच्या पायरीवर. रोज थोडं जास्त चाला, दुखलं तरी थांबू नका, असं बाईंनी सांगितलं. ताई ते करणारच. त्यांना कुणी थांब म्हटलं तर कळायचं नाही, चल म्हटलेलं लगेच कळायचं. त्या चालल्या, आणि मग कित्येक दिवस चमचा उचलेना.

तिसऱ्यांदा डॉक्टर बदलला तेव्हा एक वयस्कर डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी मूड विचारला नाही. त्यांनी विचारलं, "एखादं काम केल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं?"

ताई मला सांगत होत्या, "जिंतूर, मला वाटलं उठून तिचा मुका घ्यावा. पण उठवत नव्हतं."

त्या बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. औषध नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. अंगात जेवढं बळ असेल त्याच्या आत राहायचं, संपायच्या आधी थांबायचं. आजार शरीराचा आहे, आणि त्यामुळे मन रडकुंडीला आलं तर तेही खरं आहे, दोन्हींची काळजी घेऊ. ताईंना नावच तेवढं पसंत पडलं नाही. "फटीग म्हणजे थकवा. थकवा गोड असतो रे, झोपलं की उतरतो. याला थकवा म्हणायचं म्हणजे वाघाला मनी म्हणून हाक मारायची."

आता खरा पेच आला. ताईंची एकुलती मुलगी सायली शिकागोत शिकत होती आणि मे महिन्यात तिचा पदवीदान समारंभ होता. तिच्या जन्मापासून ताईंनी मागितलेलं एवढंच होतं: नाव पुकारतील तेव्हा मी तिथे असेन. आणि या बाईला त्या दिवसांत स्वयंपाकघरापर्यंत जाताना मध्ये खुर्ची लागायची.

सायली फोनवर रडकुंडीला आली. "आई, प्लीज, डोन्ट कम. मी येते ना तिकडे. गाउन घालून हॉलमध्ये चालून दाखवते."

"आणि नाव कोण पुकारणार? तुझे बाबा? ते 'सायले' म्हणतील."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जायचंच असेल तर व्हीलचेअरमधून जा आणि शेवटपर्यंत उठू नका. डॅनिएलाबाई म्हणाल्या, तुम्ही खुर्चीत बसलात की भीती तुमच्या मांडीवर बसली म्हणून समजा, चालत जा. अरविंदराव म्हणाले, "व्हीलचेअर? लोक काय म्हणतील? चांगली दिसून राहिली तू." ताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि व्हीलचेअर सांगितली.

त्यांना विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. विमानतळावर आपल्याकडच्या आई-बापांची व्हीलचेअरची मोठी रांग असते. यातल्या बऱ्याच जणांचे पाय ठणठणीत असतात. फक्त इंग्रजी पाट्या वाचत, गेट शोधत एकटं फिरायची भीती वाटते. खुर्ची घेतली की ढकलणारा माणूस बरोबर गेटवर नेऊन पोचवतो. मुलंच तसं बुक करून देतात. अशा रांगेत ताई जाऊन बसल्या. केस नीट विंचरलेले, कुंकू, नवा कुर्ता, चेहऱ्यावर उत्साह. आजारी म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं तर मीसुद्धा हसलो असतो.

शेजारच्या खुर्चीत एक आजी होत्या. सुती साडी, त्यावर मुलाचं जॅकेट, पायात पांढरेशुभ्र बूट. त्यांनी ताईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली घेऊन विचारलं,

"तुझं खरं की इंग्रजीचं?"

ताईंना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा हसू असं फुटलं की खुर्ची ढकलणारा माणूस घाबरून ब्रेक तपासायला लागला.

"खरं आहे हो, आजी."

"दिसत नाही."

"हो ना. सगळे डॉक्टर हेच म्हणतात."

"काय होतं?"

"अंगात बळच राहत नाही. थोडं काही केलं की आठ-आठ दिवस पडून."

आता आजी म्हणणार, बी-ट्वेल्व घे. अरविंदराव शेजारी पासपोर्ट चाळायचं नाटक करत उभे होते, त्यांनाही तेच वाटलं असणार. पण आजींनी मान डोलावली.

"तू खरं म्हणतेस तर खरंच असणार. खोटं बोलायला, तुला काय इंग्रजी येत नाही असं थोडंच आहे." आणि मांडीवरची घडी केलेली शाल काढून त्यांच्या हातात दिली. "पाठीशी घे. ही खुर्ची टोचते. माझं काय, मी इंग्रजीची. मुलाला तेवढे गुडघे सांगितलेत."

ताई हसायच्या थांबल्या. शाल घेतली आणि जवळच्या माणसाला द्यावी तशी अरविंदरावांकडे दिली. अरविंदरावांनी ती नीट उलगडली, दोनदा दुमडली, बायकोच्या पाठीमागे सरकवली आणि मग ढकलणाऱ्या माणसाला म्हणाले, "आय विल पुश." तो म्हणाला, नियमात बसत नाही. अरविंदराव म्हणाले, "देन आय विल वॉक व्हेरी क्लोज." सिक्युरिटीच्या वळणावर शेवटची दिसली ती ही वरात: पुढे ताई, मागे आजी, आणि ताईंच्या खुर्चीला एक हात लावून शेजारून चालणारे अरविंदराव. वळता वळता ताई ओरडल्या, "जिंतूर, पार्किंगचे पैसे चढतायत, पळ!"

पुढचं मी व्हिडिओत पाहिलं. सायलीच्या मैत्रिणीने काढलेला. मोठं सभागृह, टाळ्या शेवटी वाजवा अशी सूचना, एकामागून एक नावं. मग एका प्राध्यापकांनी घसा साफ करून 'सेली' की 'सॅली' असं काहीतरी पुकारलं आणि कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला, "सायली!" मंदाताई व्हीलचेअरमधून उठून उभ्या. दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या. शेजारची एक बाई व्हीलचेअरमधून माणूस उठलेला पाहून छातीवर क्रॉस काढत "ओ माय लॉर्ड!" म्हणते आणि तीही रडत रडत टाळ्या वाजवायला लागते. मग अख्खी रांग. सूचना बिचारी कुठल्या कुठे गेली.

त्याच संध्याकाळी ताई कोसळल्या. परतीचं विमान रद्द केलं. शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूजवळ सायलीची भाड्याची खोली आहे, तिथे पडदे ओढून त्या आडव्या झाल्या त्या उन्हाळाभर. अरविंदराव कोपऱ्यावरून ज्वारीचं पीठ आणून भाकऱ्या थापायला शिकले. डॅनिएलाबाईंना व्हिडिओचं कळलं, त्यांनी लिहिलं: पाहा, भीती गेली आणि तुम्ही उभ्या राहिलात! डॉक्टरीणबाईंनी कळवलं: म्हणूनच सांगितलं होतं, उठू नका. जूनमध्ये एकदा अरविंदरावांच्या फोनवरून ताईंचा निरोप आला. तो आवाज ऐकून मी ऑफिसच्या त्या जिन्यात जाऊन बसलो. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "दोघी माझ्यावरून भांडतायत, मी मधल्या मध्ये पडून. तू सांग जिंतूर. मी चुकले का रे?"

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी फोन, स्क्रीन, बोलणं, सगळं बंद केलं. कागदावरचं पत्र चालेल, अरविंदराव रोज थोडं वाचून दाखवतील, असं सायलीने उन्हाळा सरता सरता कळवलं. तेव्हा मी हे पाठवलं.

---

ति. मंदाताई यांना गजाननचा साष्टांग नमस्कार.

अरविंदराव, कृपया रोज थोडंच वाचा. बाकीचं जमेल तेव्हा. ताई 'पुढे वाच' म्हणतील, ऐकू नका.

ताई, तुम्ही मला विचारलंत. मी डॉक्टर नाही. हा आजार किती शरीराचा आणि त्यात मनाचं काय, यातलं मला काही कळत नाही. मला पदवीदानातलं थोडं कळतं. तेवढंच लिहितो.

माझ्या पदवीदानाला घरचं कुणी आलं नव्हतं. बाबांना कापसाच्या जिनिंगमधून सुट्टी मिळाली नाही आणि आई म्हणाली, आम्ही येऊन काय करणार, आम्हाला काय कळतं त्यातलं. मी रागावलो नाही, खरंच. पण स्टेजवर नाव पुकारलं आणि मी सगळ्यात आधी खुर्च्यांकडे पाहिलं. कुणी नाही हे माहीत असून पाहिलं. मान आपोआप वळते, ताई. हातात काय दिलं ते मी खाली उतरल्यावर बघितलं.

इथे थांबा, अरविंदराव. पाणी द्या त्यांना.

सायलीचा व्हिडिओ मी बऱ्याच वेळा पाहिलाय. तुम्ही तुमच्याच टाळ्यांमध्ये होतात, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल. नाव चुकीचं पुकारलं जातं तेव्हा तिची मान खाली आहे. तुमचा आवाज येतो, ती वळते, आणि तिला दिसता तुम्ही. ते प्राध्यापक हात पुढे करून उभेच राहतात बिचारे.

तुम्ही चुकला नाहीत. उन्हाळा गेला, तो परत मिळणार नाही, आणि ते मला फार वाईट वाटतं. तरी चुकला नाहीत.

फक्त यापुढे टाळ्या बसून वाजवा. तेवढ्याच ऐकू येतात.

आपला,
गजानन